केस वाढेस्तोवर

माझे केस कापणारा माणूस पुण्याला निघून गेला आणि त्यानं मला सांगितलंसुद्धा नाही. ज्याच्यापुढे अर्धं आयुष्य मान खाली घालून बसलो त्यानं एवढी साधी गोष्ट सांगू नये, याचा मला अजून राग आहे. एका रविवारी सकाळी पेपर काखेत मारून दुकानाकडे गेलो, तर जुन्या शटरच्या जागी काचेचं दार आणि आत मोबाईलची कव्हरं टांगलेली. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "त्यायचा पोरगा कंपनीत लागलाय ना सर, घेऊन गेला दोघा म्हाताऱ्यायला. तुमाला म्हाईत न्हाई?" मला माहीत नव्हतं. मी आपला गिऱ्हाईक.

त्या माणसाशी मला कधी बोलावं लागलं नाही, हे त्याचं मोठेपण. मी खुर्चीत बसायचो, तो कापड झटकायचा, मी डोळे मिटायचो. उघडायचो तेव्हा मी पहिल्यासारखाच असायचो, फक्त डोकं हलकं झालेलं असायचं. माझ्या केसांचं तसं काही कौतुक नाही. वर विरळ, कानांवर दाट आणि मागे बेशिस्त. मला एवढंच हवं असायचं की केस कापलेत हे कॉलेजात कुणाच्या लक्षात येऊ नये. एवढी साधी अपेक्षा पुरी करणारा दुसरा माणूस अख्ख्या परभणी शहरात मिळू नये, हे मला आधी खरं वाटलं नव्हतं.

लक्षात येऊ नये म्हटलं, पण एक माणूस लक्ष ठेवून होता. तो म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णा आणि आई गावी असतात, चारठाण्याच्या अलीकडे. मी दर रविवारी जातो. मागच्या हिवाळ्यात अण्णांचं हृदय थकलं. परभणीच्या डॉक्टरांनी तपासून स्वच्छ सांगितलं की गोळ्या वेळेवर घेतल्या, दोन घास खाल्ले, थोडं चाललं, तर घाबरण्यासारखं काही नाही. पण अण्णांनी मनाशी वेगळंच ठरवलं. गावी गेल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. गोळ्या तोंडात घ्यायचे आणि आईची पाठ वळली की थुंकून द्यायचे. हातातलं घड्याळ काढून पुतण्याला दिलं. कुठला बैल कुणी ठेवायचा तेही सांगून झालं. "बस झालं आता. लय झालं," एवढंच म्हणायचे. मी समजावलं, हातापाया पडलो, शेवटी ओरडलोसुद्धा. जगायचंच नाही असं ठरवलेल्या माणसापुढे माझी इतक्या वर्षांची मास्तरकी काही कामाला आली नाही.

रविवारी मी खाटेपाशी जाऊन बसलो की ते मान वळवायचे, माझ्याकडे एकदा बघायचे आणि म्हणायचे, "कटिंग वाढली की रं तुझी." परत भिंतीकडे तोंड. आठवडाभरात त्यांच्या तोंडून माझ्यासाठी निघणारं तेवढं एकच वाक्य. मला वाटायला लागलं की चांगली कटिंग करून गेलो तर निदान दुसरं काहीतरी बोलतील. म्हणून मी कारागीर शोधायला निघालो. हसण्यासारखं आहे, पण तेव्हा माझ्या हातात दुसरं काही नव्हतं.

आता कटिंगला जायचं म्हटलं तरी कधी जायचं? शनिवारी कापायचे नाहीत, असं बायकोचं म्हणणं. एकादशी नको, अमावस्या नको. कुठली दुकानं सोमवारी बंद, कुठली मंगळवारी. बुधवार ते शुक्रवार कॉलेजात प्रॅक्टिकल. राहिला रविवार, आणि रविवारी तर सगळी परभणी डोकं घेऊन रांगेत बसलेली. त्यात मला जेवायच्या वेळेपर्यंत गावी पोचायचं.

पहिल्यांदा वसमत रोडच्या एका एसी सलूनमध्ये गेलो. आत शिरताच एकानं मोबाईल नंबर मागितला.

"केस कापायला नंबर कशाला?"

"सिस्टीममधी टाकावा लागतोय सर."

टाक बाबा. मग त्यानं टॅबवर फोटो दाखवले. सगळे विशीतले, दाढीवाले, रागावल्यासारखे बघणारे. "यातला कोणता?" मी म्हणालो, मीडियम. "मीडियम म्हंजी कसं सर?" हा शब्द मी लहानपणापासून वापरत आलो होतो, आणि जिंतूर असो की परभणी, कुठल्याही खुर्चीत तो पुरेसा असायचा. तो आता समजावून सांगायची पाळी आली आणि मला तो समजावता येईना. मधेच तो माझा गाल दाबून म्हणाला, "स्किन लय डल झालीय सर. डिटॅन करून टाकू?" परभणीच्या उन्हात फिरणाऱ्या माणसाची कातडी आणखी कशी असणार! शेवटी त्यानं दोन्ही बाजू पांढऱ्या पडेपर्यंत उतरवल्या आणि वर एक तुरा ठेवला. दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो तर मागच्या बाकावरच्या सगळ्यांची तीच कटिंग. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे आदरानं पाहिलं. हसले असते तर बरं झालं असतं. अण्णांनी तर त्या रविवारीच तो तुरा पाहिला होता आणि म्हणाले होते, "अजून न्हाई केली का कटिंग?"

मग कुणीतरी गांधी पार्ककडचे एक चाचा सुचवले. हात खरंच चांगला. पण बोलणं! "साब, मुंडी जरा नीचे," म्हणायचे आणि मुंडी खाली गेली की शहरातल्या रस्त्यांचा विषय काढायचे. प्रत्येक मुद्द्याला कात्री थांबायची. नुसतं हूं म्हणून भागायचं नाही, आरशातून डोळ्यांत बघून उत्तर मागायचे. एकदा मी चुकून म्हणालो की जिंतूर रोड आता तसा बरा झालाय. चाचांना ते अजिबात पटलं नाही. त्या मतभेदाची खूण माझ्या उजव्या कानावर बरेच दिवस राहिली. अण्णा म्हणाले, "एका बाजूनं ऱ्हायलीय." आणि भिंतीकडे वळले. त्या दिवशी आईनं मला ओसरीवर बोलावून हळूच सांगितलं की दोन दिवसांत त्यांनी भाकरीला हात लावलेला नाही.

तो आठवडा मी नीट झोपलो नाही. आणि पुढच्या रविवारी सकाळी, रांगेत बसायचं डोकं नव्हतं म्हणून, घराजवळच्याच नव्या दुकानात शिरलो. मालक, कारागीर, सगळं एकच. नुकतंच दुकान टाकलेला, हसऱ्या तोंडाचा तरुण. नंबर मागितला नाही, फोटो दाखवले नाहीत, रस्त्यांवर बोलला नाही. मला वाटलं, मिळाला. मी डोळे मिटले. ट्रिमर मागून वर चढायला लागलं आणि मधेच आवाज बदलला.

"मशीनची क्लिप निसटली सर," तो म्हणाला. जणू क्लिपलाच कंटाळा आला होता.

मी मागे हात नेला. मानेपासून टाळूपर्यंत एक गुळगुळीत पट्टा. मी काही बोलणार एवढ्यात लाईट गेली.

"इन्व्हर्टर?"

"बॅटरी बसलीय."

"मग कात्रीनं कर बाबा."

"कात्री हाय की," त्यानं मला ती दाखवलीसुद्धा, "पण कात्रीनं मिक्सिंग, बारीक-मोठं एकसारखं करायचं, येत न्हाई मला. मशीनवरच शिकलाव."

आम्ही दोघं घाम पुसत लाईटची वाट बघत बसलो. माझ्या डोक्यात तिकडे भाकरी न खाणारे अण्णा, आणि डोक्यावर तो पट्टा. लाईट आली तेव्हा तो म्हणाला, "एक सांगू का सर? झिरो मारतो. आता फॅशनच हाय." मी म्हणालो, मार. "वस्तरा फिरवू? फिनिशिंग येतंय." फिरव. काय फिरवायचं ते फिरव, पण मला सोड. त्यानं मिशीही उतरवली. आणि डोक्यावर हेल्मेट चढवून मी गावाची वाट धरली.

आमच्या गावच्या फाट्यावर एक हॉटेल आहे. तिथं मी चहाला थांबतोच. हेल्मेट काढलं, रुमालानं डोकं पुसलं आणि कुणी काय म्हणेल त्याची उत्तरं तयार ठेवून बाकावर बसलो. कुणी हसलं नाही. एरवी लांबूनच "काय गुरुजी!" म्हणून ओरडणारा हॉटेलवाला गप्प झाला. चहा त्यानं स्वतः आणून दिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर उभा राहिला. बाकावरचे दोघं उठून बाजूला जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आपण इतके वाईट दिसतोय की लोकांना दया यायला लागली. मी चिडून अर्धा चहा तसाच टाकला आणि निघालो.

घरी आई दारातच होती. मी हेल्मेट काढलं आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"अग्गं माय! हे काय करून आलास रं?"

"कटिंग."

"बाप जित्ता हाय तुझा! जित्त्या बापाच्या पोरानं डोस्कं भादरून घरात यावं व्हय? मिशी न्हाई, केस न्हाई, काय अवदसा आठवली तुला? त्या न्हाव्यानं इचारलं न्हाई, बाप हाय का म्हणून?"

नाही विचारलं. त्यानं फक्त फिनिशिंगचं विचारलं होतं. आणि मला तरी कुठं आठवलं! बाप गेला की दहाव्याला पोरगा डोकं भादरतो, बाप असताना त्या डोक्याला वस्तरा लावत नाहीत, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पुण्याला गेलेल्या त्या माणसानं आधी विचारल्याशिवाय कुणाच्या टाळूला वस्तरा लावला नसता. मी इतका वैतागलो होतो की माझं मलाही सुचलं नाही. फाट्यावरचा खांद्यावरचा हात मला आता कळला.

"तिरुपतीला गेलतो म्हणून सांगू," मी म्हणालो.

"अन् लाडू कुठी हायत?" आई म्हणाली. तिनं स्वतःचा टॉवेल माझ्या डोक्याला गुंडाळला आणि मला मागच्या दारानं आत घेतलं.

पण अण्णांपासून काय लपणार! टॉवेलखाली काय आहे ते त्यांनी एका नजरेत ओळखलं. नेहमीचं वाक्यही बोलले नाहीत. माझ्याकडे नुसतं बघत राहिले आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं जमीन दुभंगावी. जगायचं सोडलेल्या माणसापुढे त्याचाच मुलगा त्याचं सुतक डोक्यावर घेऊन उभा! मी त्या सलूनवाल्याला, त्या क्लिपला, वीज कंपनीला मनातल्या मनात शिव्या घालत तसाच खाटेच्या कडेला बसून राहिलो.

बराच वेळ तसा गेला असेल. मग गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि एक आवाज उठला. "माझ्या भावा रं! मला न्हाई सांगितलं रं!" ती आत्या होती, अण्णांची धाकटी बहीण. येलदरीला दिलेली. फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानं तिच्या मुलाला फोन केला होता आणि ती होती तशी, हातचं काम टाकून आली होती. बाहेर जाऊन तिला थांबवायची शुद्ध आम्हाला कुणाला राहिली नाही. आमच्याकडे बायका रडताना गेलेल्या माणसाचं सगळं सांगत सांगत येतात, तशी ती सांगत येत होती. पहिल्या दिवाळीला मला आणायला कोण आलं, माझ्या लेकराला नवं अंगडं कुणी घातलं. गल्लीतली दारं उघडायला लागली.

"भरल्या पावसात रं, बैलगाडी जुंपून मला सासरी सोडाया आला रं माझा दादा..."

"बैलगाडी न्हाई!" माझ्या शेजारून आवाज आला. "यष्टीनं आलतो!"

अण्णा उठून बसले होते. कुणी हात न देता. बाहेरचं रडणं तुटलं. आत्या दारात आली, खाटेवर बसलेल्या भावाकडे तिनं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे होऊन माझ्या टकलावर अशी चापट मारली की आवाज ओसरीपर्यंत गेला. मग ती खाली बसली आणि खरी रडली. आईही रडली. दारात जमलेले लोक हळूहळू पांगले.

अण्णा मात्र रडत नव्हते. ते चिडले होते. इतक्या महिन्यांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

"मास्तर हायस ना तू? पोरं शिकवतूस ना? आता मी उद्या गेलो तर दहाव्याला काय करशील? हाय का तिथं भादरायला काही? लोकं काय म्हणतील, बाप मरायच्या आधीच ह्यानं उरकून घेतलं?"

"वाढतील अण्णा," मी म्हणालो.

"कवा?"

"दोन-तीन महिने लागतील."

ते बोटांवर हिशोब करायला लागले. पेरणी कधी करायची ते ठरवताना करायचे तसा. नुसत्या टाळूनं दहावं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं अर्धवट काम, आणि अर्धवट काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हंजी केस वाढेस्तोवर मला थांबणं आलं." आणि मग आईला, "काय बघायलीस? आण त्या गोळ्या. अन् भाकरी वाढ. हिलाबी वाढ, उपाशी आली आसंल."

त्या दिवशी आत्या मुक्काम करून राहिली. अण्णांनी आमच्यादेखत गोळी गिळली आणि तोंड उघडून दाखवलं.

मग ते खरंच थांबले. गोळ्या घ्यायला लागले, जेवायला लागले, काठी घेऊन ओसरीपर्यंत आणि नंतर ओसरीवरून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायला लागले. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. मी मान डोलावली. कॉलेजात शिपायानं माझ्याकडे तेराव्याची चौकशी केली, मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. बायको बरेच दिवस माझ्याबरोबर बाहेर निघायला तयार नव्हती. मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

पण दर रविवारी अण्णा मला जवळ बोलवायचे आणि डोक्यावरून हात फिरवून बघायचे. "फुटलेत." मग, "आले की." पहिल्यांदा मला बरं वाटलं. मग एका रविवारी त्यांनी बोटात केस धरून पाहिले, निवांत हसले आणि म्हणाले, "आता झाली बघ तुझी कटिंग वाढायला सुरुवात." ते हसणं बघून मी घाबरलो. एवढी भीती मला दवाखान्यातसुद्धा वाटली नव्हती. त्यांच्या मनात ते काम अजून तसंच होतं, फक्त पुढे ढकललेलं. परत येताना सगळ्या रस्त्यानं मला ते बोटात धरलेले केसच दिसत होते.

पुढच्या रविवारी सकाळी मी त्याच दुकानात गेलो. मला बघून तो तरुण दोन पावलं मागे सरकला. त्याला वाटलं, मी भांडायला आलोय.

"झिरो मार," मी म्हणालो. "अन् वस्तरा फिरव."

"सर, मागच्या टायमाला तुमाला घरी बोलणं खावं लागलं म्हने..."

"मार म्हणतो ना."

गावी पोचलो. आई दारात होती. तिनं माझ्या डोक्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं. मग दारातून बाजूला झाली. या वेळी पुढच्या दारातूनच आत घेतलं.

अण्णा ओसरीवर बसले होते, शेंगा फोडत. मी समोर जाऊन उभा राहिलो. ते बघत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी शेंगांकडे बघत होतो.

"लय वाईट कारागीर हाय तुझा," ते म्हणाले.

"व्हय."

"परभणीत दुसरा न्हाई मिळत?"

"लय हुडकलं अण्णा. न्हाई मिळत."

त्यांनी एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले.

"ऱ्हाऊ दे मग," ते म्हणाले. "बदलू नको."